एक नंबरची गाडी एक नंबरवर का टिकत नाही? अँबॅसेडरपासून पंचपर्यंत

भोसरीकर (धागाकर्ता)

एप्रिल 2025 चे गाड्यांच्या विक्रीचे आकडे आले तेव्हा आमच्या एमआयडीसीत दुसरा विषयच नव्हता. मारुती पहिली, त्यात नवल काही नाही. पण दुसऱ्या जागी महिंद्रा, 52 हजारांच्या वर. तिसरी टाटा, 45 हजार. आणि वर्षानुवर्षं दुसरी जागा सांभाळून असलेली ह्युंदाई 44 हजारांवर, थेट चौथी. त्याच्या आदल्या वर्षी, 2024 मध्ये, देशात सर्वांत जास्त खपलेली गाडी ठरली टाटा पंच, 2 लाखांच्या पुढे. त्या जागेवर जवळजवळ चाळीस वर्षं मारुतीचंच कुठलं ना कुठलं मॉडेल असायचं.

माझं छोटं प्रेस शॉप आहे. ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर असला पत्र्याचा माल आम्ही मोठ्या व्हेंडरला देतो आणि तो कंपनीला. आमच्या धंद्यात कंपनीचे दिवस पालटलेले पेपरात येण्याआधी शेड्यूलमध्ये कळतात. महिनाअखेरीला पुढच्या महिन्याचं शेड्यूल येतं. त्यात एखाद्या पार्टचा आकडा निम्म्यावर आला की पुढे तो बंदच होणार, हे धरून चालायचं. मग ती डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, पुसून, ग्रीस लावून मागच्या रॅकवर. प्रत्येक डायवर पिवळ्या ऑइल पेंटने मॉडेलचं नाव लिहिलेलं असतं. त्या रॅकसमोर उभं राहिलं की कोण कधी आलं आणि कधी गेलं ते ओळीने वाचता येतं.

हे सगळं पाहून माझं एक मत पक्कं झालंय. आपल्याकडे जी जी गाडी पहिल्या नंबरला गेली, तिची वाट आधी कुठल्या तरी सरकारी नियमाने मोकळी केली होती. परवाना, करसवलत, इंधनाचा दर, धुराची मर्यादा, काहीही असेल. कंपनीला मात्र वाटत राहतं की ही सगळी आपलीच कर्तबगारी. मग नियम बदलतो, आणि जिने तो आधी ओळखला ती पुढे निघून जाते. गाडी वाईट होती म्हणून ब्रँड बुडाला, असं फार कमी वेळा झालंय.

सुरुवातीपासून बघा. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला 1928 पासून गाड्या जोडायचा कारखाना होता. 1953 च्या धोरणाने सांगितलं की नुसती जोडणी चालणार नाही, गाडी इथेच बनवा. 1954 मध्ये शिवडीचा कारखाना बंद. मैदानात उरले मुख्यतः तिघे: उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. किती गाड्या बनवायच्या ते परवान्यावर ठरायचं, त्यामुळे गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. ज्याला विकायची चिंताच नाही, तो गाडी सुधारेल कशाला? हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसेडर म्हणजे 1950 च्या दशकातली मॉरिस ऑक्सफर्ड. प्रीमियरची पद्मिनी म्हणजे 1960 च्या दशकातली फियाट 1100. दोन्ही मजबूत, दोन्ही जिथल्या तिथे.

14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली गेली. ही कंपनीही सरकारचीच, सुझुकीचा वाटा तेव्हा 26 टक्के. तिच्यासाठी जी दारं उघडली ती बाकीच्यांना बंद होती. पण गाडीचं श्रेय गाडीला दिलंच पाहिजे. 796 सीसीचं हलकं इंजिन, पुढच्या चाकांवर चालणारी, थंडीत पहाटेसुद्धा एका सेल्फला चालू. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर देशात विकल्या जाणाऱ्या दर दहा मोटारींत आठ मारुतीच्या होत्या.

मग 1993 मध्ये मोटारींवरचा परवाना उठला. 1998 च्या सप्टेंबरात ह्युंदाईची सँट्रो आली, वर्षाअखेरीला टाटाची इंडिका आणि देवूची मॅटिझ. एप्रिल 1999 मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरासाठी युरो 1 आणि युरो 2 या धुराच्या मर्यादांची मुदत अलीकडे ओढली. सँट्रो पहिल्या दिवसापासून एमपीएफआय, म्हणजे इंधन मोजून फवारणारं, इंजिन घेऊन आलेली होती. जुन्या पद्धतीच्या कार्बोरेटरवाल्यांची धावपळ उडाली. ह्युंदाईचं नशीब तिथे उघडलं.

तुमचे अनुभव लिहा. जो कामगार होता, डीलरकडे होता, ज्याने गाडी घेतली-विकली, सगळ्यांचे हवेत.


काळीपिवळी

भोसरीकर, धागा मनापासून आवडला. कुर्ल्याचं नाव आलं आणि राहवलं नाही. आमच्या घरात दोन पिढ्या टॅक्सी होती, पद्मिनीच.

तुमचा नियमाचा मुद्दा खरा आहे, पण तो गाडी विकली जाईपर्यंतचा. विकलेली गाडी रस्त्यावर किती वर्षं राहते ते मिस्त्री आणि स्पेअर ठरवतात, आणि ब्रँडचं नाव त्यावरच टिकतं. पद्मिनीचं उत्पादन 2000 च्या आसपास थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती बंद झाली. म्हणजे कारखाना थांबल्यावरही गाडीने दोन दशकं कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. कारण कुर्ल्याच्या सीएसटी रोडला तिचा कुठलाही भाग मिळायचा. क्लच प्लेट, मागचे पाटे, दरवाजाचं हँडल, मीटरची केबलसुद्धा. सायनपासून कुलाब्यापर्यंत कुठेही बंद पडली तरी बॉनेट उघडून पंधरा मिनिटांत चालू करणारा मिस्त्री सापडायचा.

आत बसलात तर आठवेल: गिअर स्टिअरिंगलगत, पुढची सीट सलग, मीटर डाव्या बाजूला गाडीबाहेर. सीएनजीची टाकी बसवल्यावर डिकी गेली, म्हणून सामान वर कॅरियरवर दोरीने बांधायचं. स्टेशनवरच्या बाया-माणसांच्या ट्रंका, पिशव्या, गणपतीत गावी जाणाऱ्यांचे बोजे, सगळं त्या कॅरियरने वाहिलं.

प्रीमियरला संधी आली नव्हती असं नाही. 1990 च्या दशकात प्यूजोबरोबर कल्याणजवळ 309 नावाची गाडी काढली. 1996 मध्ये फियाट युनो आली तर बुकिंगसाठी लोकांची रीघ लागली होती. पण गाड्या वेळेवर लोकांच्या हातात पडल्या नाहीत. प्यूजो 1997 मध्ये निघून गेली. मागणी दारात उभी असताना माल न देता येणं, याला कुठलं धोरण जबाबदार धरायचं? आज कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर कोहिनूर सिटी ही वसाहत आहे, तिथल्या कित्येक मुलांना तिथे कधी मोटारी बनायच्या हे ठाऊकही नाही.


गोदाकाठ

काळीपिवळी दादा, किती जिवंत लिहिलंत!

मी नाशिकची. आमच्याकडे सातपूर-अंबडमध्ये घराघरांत कुणीतरी महिंद्राशी जोडलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या नंबरची बातमी आली तेव्हा मला खरोखर अभिमान वाटला. ही कंपनी मुळात जीपवाली. शहरातल्या माणसाच्या लेखी महिंद्रा म्हणजे गावातली वडाप, नाहीतर पोलीस गाडी. 1996 मध्ये फोर्डबरोबरची एस्कॉर्ट नाशिकमधूनच निघाली. ती काही फार चालली नाही. पण मोटार बनवायची शिस्त, रंगकामाचा दर्जा, तपासणी, हे इथल्या लोकांच्या हातात आलं.

आणि मग जून 2002 मध्ये स्कॉर्पिओ. परदेशी कंपन्या एका मॉडेलवर जेवढा पैसा ओततात त्याच्या मानाने फार थोड्या खर्चात झालेली गाडी. त्यांनी केलेली मोठी गोष्ट ही, की पुरवठादारांना नुसतं ड्रॉइंग देऊन पार्ट मागितला नाही. अख्खी यंत्रणा त्यांच्याकडे सोपवली, तुम्हीच डिझाइन करा म्हणून. माझे मामा अशाच एका पुरवठादाराकडे टूल रूममध्ये होते. रात्री अकराला घरी यायचे आणि जेवताना गाडीबद्दलच बोलत बसायचे. त्याआधी त्यांना कंपनीने कधी मत विचारलं नव्हतं.

भोसरीकरांच्या मुद्द्याला पुष्टी देणारं एक उदाहरण. डिसेंबर 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरात 2000 सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. महिंद्राचा तर सगळा डोलारा मोठ्या डिझेल इंजिनांवर. त्यांनी महिन्याभरात 1.99 लिटरचं इंजिन स्कॉर्पिओत आणि एक्सयूव्ही 500 मध्ये आणून उभं केलं. पुढे ऑगस्ट 2016 मध्ये बंदी उठली, पण तोवर दिल्लीचं गिऱ्हाईक हातचं गेलं नव्हतं. नियमाला शिव्या देत बसण्यापेक्षा हे केलं, म्हणून 2022 मध्ये स्कॉर्पिओ एनची एक लाख बुकिंग अर्ध्या तासात झाली.


भोसरीकर

गोदाकाठ ताई, 1.99 चं उदाहरण अगदी नेमकं दिलंत. आता याहून मोठं घडलेलं सांगतो: चार मीटर.

2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीवरचा अबकारी कर 24 वरून 16 टक्क्यांवर आला. छोटी म्हणजे लांबी 4 मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 पर्यंत. एवढ्या एका ओळीने देशातल्या गाड्यांचा आकार ठरला तो आजतागायत. टाटाने 2008 मध्ये इंडिगोची डिकी कापून 3988 मिलिमीटरची इंडिगो सीएस काढली. मारुतीची पहिली डिझायर 4160 ची होती, 2012 मध्ये ती 3995 वर आणली. जुनी आणि नवी डिझायर शेजारी उभ्या करून मागून बघा. डिकीचं झाकण कसं सरळ खाली उतरवलंय ते लगेच दिसेल. डिझायनरला ते शोभिवंत वाटत नसणार, पण गिऱ्हाइकाला किमतीतला फरक दिसत होता. इकोस्पोर्ट, ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू सगळ्या त्याच टेपने मोजलेल्या. ज्या परदेशी कंपन्या युरोपातली गाडी जशीच्या तशी आणत राहिल्या त्यांना हे उशिरा उमगलं.

दुसरी गोष्ट डिझेलची. 2010 मध्ये पेट्रोलचा दर मोकळा केला, डिझेलचा नाही. 2012 च्या मे महिन्यात पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे 30 रुपयांहून जास्त फरक होता. लोक डिझेलवर तुटून पडले. मारुतीकडे स्वतःचं छोटं डिझेल इंजिन नव्हतं, ती फियाटचं 1.3 मल्टिजेट परवान्यावर बनवायची. तेही पुरेना म्हणून जानेवारी 2012 मध्ये फियाटशी करार करून रांजणगावहून वर्षाला एक लाख इंजिनं घ्यायचं ठरलं. म्हणजे ज्या फियाटच्या स्वतःच्या गाड्या खपत नव्हत्या, तिच्या इंजिनावर मारुती, टाटा सगळे धावत होते. आमच्या भागातल्या मशीन शॉपना त्या वर्षांत तीन पाळ्या चालवाव्या लागल्या. त्याच काळात मानेसरला संप झाले, आणि जुलै 2012 मध्ये तिथल्या हिंसाचारात एका अधिकाऱ्याचा जीव गेला. मारुतीचा वाटा तेव्हा 40 टक्क्यांच्या खाली उतरला होता.

ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचा दरही मोकळा झाला आणि फरक आटत गेला. मारुती पुन्हा पेट्रोलवर 50 टक्क्यांच्या वर चढली. एप्रिल 2020 ला धुराच्या मर्यादेचा बीएस 6 नियम आला तेव्हा तिने डिझेल सोडूनच दिलं आणि सीएनजीवर जोर धरला. आता तिच्या साधारण तीनातली एक गाडी सीएनजी असते. मल्टिजेट इथून हद्दपार. आमच्या रॅकवर त्याचीही डाय आहे.


पंचगंगा

कोल्हापूरहून राम राम. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो.

आमच्याकडे उसाचं बिल जमा झालं की गाडी घेतात. आणि घेतानाच विचारतात, "पाच वर्षांनी विकली तर किती येतील?" ॲव्हरेजच्याही आधी हा प्रश्न. स्विफ्ट, डिझायर, बोलेरो, इनोव्हा या गाड्या माझ्या दारात आल्या की आठवड्यात जातात. बोलेरोला तर किमतीची घासाघीस पण फार होत नाही. म्हणून शोरूममधला माणूस कितीही गोड बोलो, ब्रँडचा खरा भाव जुन्या बाजारात कळतो.

एक मोठी परदेशी कंपनी इथून गेली तेव्हाची गोष्ट सांगतो. नाव लिहीत नाही. त्यांची एक सुंदर गाडी, थोडीच चाललेली, माझ्या एका गिऱ्हाइकाने हौसेने घेतली. पुढे एका बाजूचा हेडलाइट फुटला. जिल्ह्यातलं सर्व्हिस सेंटर बंद झालेलं. पुण्यात नाना पेठेत पालथं घातलं, एकाने दिल्लीहून मागवतो म्हणून सांगितलं, तेही आलं नाही. त्या माणसाने पावसाळाभर एका दिव्यावर गाडी चालवली. शेवटी भंगारात गेलेल्या तशाच गाडीचा दिवा मिळाला. एवढ्या महागाच्या गाडीत अंधारातून घाट उतरायचा म्हणजे जिवाशी खेळ. पुढे त्याने ती मिळेल त्या किमतीला काढली. कंपनी गेल्याची बातमी आली त्याच आठवड्यात तिचा भाव निम्म्यावर आला होता. ज्यांनी कर्ज काढून घेतलेल्या, त्यांचे हप्ते मात्र पूर्णच राहिले.

म्हणून मी काळीपिवळी दादांच्या बाजूने. नियम कळला तरी तालुक्याच्या गावात मिस्त्री तयार करायला दहा वर्षं लागतात. मारुतीने ते सुरुवातीपासून केलं.

टाटाचं वेगळं झालं. इंडिका डिझेलवर स्वस्त पडायची, जागा भरपूर, म्हणून टॅक्सीवाल्यांनी उचलली. पहिल्या गाड्यांच्या तक्रारी 2001 च्या व्ही 2 ने बऱ्याच मिटवल्या. पण घरच्या माणसाला वाटू लागलं की ही भाड्याची गाडी. मुलीच्या लग्नात द्यायला इंडिका नको, स्विफ्ट बघा, असं सांगणारी माणसं मी खूप पाहिलीत. मिस्त्री होता, स्पेअर होतं, तरी मन उतरलं होतं.


मुळशीची

पंचगंगा, हेडलाइटचं वाचून अंगावर काटा आला.

मी ट्रॉमा विभागात परिचारिका आहे. एक्सप्रेसवेवरचे अपघात आमच्याकडे येतात. इथे अजून सुरक्षिततेवर कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितेय.

2014 च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या पाच गाड्या आपटून बघितल्या. अल्टो, नॅनो, आय 10, फिगो, पोलो. पाचही शून्य तारे. आपल्या चाकणला बनणारी पोलोसुद्धा, कारण ती बिनएअरबॅगची होती. तिचंच दोन एअरबॅगचं मॉडेल आपटलं तर चार तारे मिळाले! कंपनीने मग बिनएअरबॅगचं मॉडेल बंद केलं. चालकाची एअरबॅग सक्तीची व्हायला 2019 उजाडलं. त्याआधी, डिसेंबर 2018 मध्ये, नेक्सॉन पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. तेव्हा कुठल्या नियमाने सांगितलं नव्हतं. आणि लोकांनी तिला त्याच कारणाने उचललं. माझ्या वॉर्डातले तरुण डॉक्टर गाडी घेताना ॲव्हरेज नंतर विचारतात, तारे आधी.

भोसरीकर, तुमच्या मांडणीत गिऱ्हाईक फक्त किंमत बघतं असं येतं. ते बदललंय. आमच्याकडे स्ट्रेचरवर येणारी माणसं बघून मला हा बदल सगळ्यांत मोलाचा वाटतो. 2016-17 मध्ये टाटाच्या मोटारींचा वाटा पार घसरलेला होता. तिथून पंच पहिल्या नंबरवर गेली, त्यात या विश्वासाचा वाटा आहे. 2024 च्या नोव्हेंबरात मारुतीच्या डिझायरनेही पाच तारे मिळवले. स्पर्धेचा याहून चांगला उपयोग मला तरी दिसत नाही.


मावळची लेक

ताई, तुमच्या कामाला सलाम.

तळेगावबद्दल लिहायलाच हवं. भोसरीकरांनी शिवडी 1928 सांगितलं, त्याचा पुढचा अध्याय आमच्या दारात घडला. जनरल मोटर्स 1996 मध्ये गुजरातेतल्या हलोलहून ओपेल ॲस्ट्रा घेऊन परत आली, 2003 मध्ये शेवरोले नाव आणलं, आणि 2008 च्या सप्टेंबरात तळेगावचा कारखाना सुरू झाला. 2017 अखेर देशातली विक्री थांबवली. इथून निर्यात चालू होती, तीही डिसेंबर 2020 मध्ये संपली. ग्रेट वॉल कारखाना घेणार होती, पण सीमेवरच्या तणावानंतर चिनी गुंतवणुकीला परवानगी मिळेना आणि 2022 मध्ये तो करार बारगळला. 2023 मध्ये ह्युंदाईने घ्यायचं ठरवलं, आणि 2025 मध्ये नवी व्हेन्यू इथून निघायला लागली.

आकड्यांच्या भाषेत हे पाच वर्षांचं अंतर. पण आमच्या गावांत या काळात काय झालं ते मी पाहिलंय. कामगार न्यायालयाच्या तारखा करत होते. मुलांच्या शाळा बदलल्या. कुणी भाजीचा टेम्पो घेतला, कुणी सिक्युरिटीत लागला. खोल्या भाड्याने द्यायच्या म्हणून ज्यांनी कर्ज काढून मजले चढवले होते, त्यांच्या खोल्या रिकाम्या. तिशीत वेल्डिंग रोबोट चालवणारा माणूस पस्तिशीत कुठे जाणार? नव्या भरतीत पंचविशीच्या आतली मुलं लागतात. ब्रँड गेला, दुसरा आला, कारखाना वाचला असं पेपरात येतं. पण कारखाना तोच असला तरी माणसं ती नसतात.

म्हणून माझी सगळ्यांना विनंती आहे. कोण पहिला, कोण चौथा याची चर्चा करताना हेही मोजा, की जाणारी कंपनी कामगारांचं आणि गाडीमालकांचं काय करून जाते. सुट्या भागांची आणि कामगारांच्या पुनर्वसनाची हमी आधी घेतल्याशिवाय कुणाला जमीन देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.


काळीपिवळी

मावळची लेक, शब्दाशब्दाला अनुमोदन. कुर्ल्याच्या कॉलनीतही लोक शेवटपर्यंत थांबले होते.


भोसरीकर

मुळशीची ताई, तुमचा मुद्दा वजनदार आहे. सुरक्षिततेत टाटा नियमाच्या पुढे चालली, आणि त्याचं फळ तिला मिळालं. विजेच्या गाड्यांतही तेच. 2019 मध्ये त्यांच्यावरचा जीएसटी 5 टक्के झाला आणि जानेवारी 2020 मध्ये नेक्सॉन ईव्ही बाजारात होती. एके काळी देशात विकल्या जाणाऱ्या दहातल्या सात विजेच्या मोटारी टाटाच्या होत्या. आता एमजीची विंडसर आणि चाकणहून निघणाऱ्या महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई आल्यापासून तो वाटा खूप उतरलाय.

मावळची लेक, हमीची तुमची मागणी आमच्या लघुउद्योजकांनाही लागू होते. कंपनी जाते तेव्हा डायचे पैसे आमच्या अंगावर बसतात. हा विषय आम्ही आमच्या संघटनेच्या बैठकीत मांडणार आहोत, तुमचा मुद्दा शब्दशः त्यात घेतो.

आणि ताजं सांगायचं तर 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आलाय. आधी उपकर धरून 29 ते 31 होता. छोटी म्हणजे पुन्हा तेच चार मीटर आणि तेच 1200-1500 सीसी, 2006 चीच मापं. मारुतीच्या अल्टो, वॅगनआरसारख्या गाड्यांना याचा सगळ्यांत जास्त हातभार लागणार. पंच, नेक्सॉन, व्हेन्यूही त्यात बसतात. कोल्हापूर, नाशिक, मुंबईकडे शोरूममध्ये काय चाललंय? लोक परत छोट्या गाड्यांकडे वळतायत, की वाचलेल्या पैशात मोठं मॉडेल घेतायत? पंचगंगा, तुमच्याकडे बदली म्हणून कुठल्या गाड्या येतायत तेवढं जरूर लिहा. आम्हाला पुढच्या तिमाहीचा पत्रा आत्ताच बुक करायचाय.